सहाव्या तासाला काय उरतं ते बघ

प्रिय मित्रा,

तुझं पत्र दोनदा वाचलं. परफ्यूम म्हणून पाको राबान पूर ओम घ्यावा की राल्फ लॉरेनचा हिरवा पोलो, हे तू दिसेल त्याला विचारलंस आणि आणखी गोंधळलास. पण यातला एक तरी वास दिवसभर अंगावर वागवलास, असं पत्रात कुठेच नाही. परफ्यूम मारलेल्या नुसत्या कागदी पट्ट्या हुंगल्यास. वाचून रागच आला.

पट्टी तापत नाही, तिला घाम येत नाही. पहिल्या पाव तासात नाकात भरतं ते बहुतेक उडूनच जातं. सहाव्या तासाला अंगावर काय उरतं ते बघ. नांदायचंय त्याच्याशी.

दोन्ही बाटल्या हिरव्या, दोघांच्या तळाशी ओकमॉस, म्हणजे ओकच्या सालीवर वाढणारं दगडफुलाच्या जातीचं शैवाक. स्वभाव मात्र निराळे. 1973 चा पाको हा जाँ मार्तेलने घडवलेला फुजेर, म्हणजे लव्हेंडर आणि ओकमॉसवर उभ्या वासांच्या घराण्यातला. आधी रोझमेरी आणि लव्हेंडर, साबणासारखे स्वच्छ. मग सावकाश मध आणि वाळल्या गवताची गोडी. 1978 चा पोलो कार्लोस बेनाईमचा. त्यात पाइन, दवण्याच्या कुळातली आर्टेमिसिया, मागून चामडं आणि तंबाखू. हात सैल सुटला तर अख्खी खोली व्यापतो.

तुझ्या वयात मी पाको पट्टीवर हुंगला, 'हा तर साबण' म्हणून बाजूला सारला आणि पोलो घेतला. अकरा वर्षं तोच. मग एकदा थंडीत मित्राचा स्वेटर अंगात घातला. कॉलरला मध होता, ओली साल होती, किंचित धूर होता. आदल्या सकाळी त्याने पाको लावला होता. दहा मिनिटांत मी जे नाकारलं, ते तिथे पहिल्यांदा भेटलं. ती अकरा वर्षं अजून सलतात.

त्या कॉलरचा वासही तुला पुरावा म्हणून चालणार नाही. ओकमॉसमधल्या अॅट्रॅनॉल आणि क्लोरोअॅट्रॅनॉलची अॅलर्जी होते म्हणून युरोपीय संघाने त्यांवर बंदी घातली. आजच्या बाटल्या त्या नियमांत बसवलेल्या असतात. जुन्या माणसांच्या आठवणींवर विसंबू नकोस, माझ्याही नाही. सहावा तास तुझ्याच अंगावर बघ.

एवढा पस्तावा, मग अजून पोलोच का लावता, असं मला विचारतात. कारण नंतर मी दोन्ही आठवडा-आठवडा वापरून पाहिले. पाको माझ्या अंगावर दुपारीच मावळतो, पोलोचं चामडं रात्रीपर्यंत राहतं. अकरा वर्षं तो सवयीने लावला, आता निवडून लावतो. हा फरक मला मोठा वाटतो, कुणी काही म्हणो.

तर सोमवारी एक, गुरुवारी दुसरा. कोपराच्या आतल्या बाजूला एकच फवारा, चोळायचं नाही. सारखं नाक लावू नकोस, ते सरावतं. दिवस मावळला की हुंग आणि दोन ओळी लिही. त्यांत दुपारच्या आधीचं काही असलं तर मी वाचणार नाही.

तुझा,
पोलोवाला काका