अर्ध्या नाण्यावरची मगर

प्रश्न : एका संग्रहालयात काशाचं अर्धंच रोमन नाणं पाहिलं. एका बाजूला माणसाचं डोकं, दुसऱ्या बाजूला मगरीचा जबडा. पाटीवर ‘नीम, फ्रान्स’ एवढंच. फ्रान्सात मगर कुठून आली? आणि तुटकं नाणं काचेत कशाला ठेवलंय?

उत्तर : तुटलेलं नाही हो, तोडलेलं आहे! असं अर्धुकं पहिल्यांदा हातात आलं तेव्हा मीही हळहळलो होतो. मग कडेवरून अंगठा फिरवला. वरचा भाग छिन्नीने सरळ कापलेला, खालचा वाकवून मोडलेला, खरबरीत. हे नाणं डुपोन्डियस, म्हणजे दोन अ‍ॅसचं (अ‍ॅस हे रोमनांचं लहान नाणं). सुट्या पैशांची चणचण पडली की मधोमध छिन्नी मारायची, झाले दोन अ‍ॅस.

कापायची सोयही आयतीच. दर्शनी बाजूला एकमेकांकडे पाठ केलेली दोन डोकी : सम्राट ऑगस्टस आणि त्याचा सेनापती, पुढे जावईही झालेला अग्रिप्पा. तुमच्या तुकड्यावरच्या मुकुटाला जहाजाची नाळ (पुढचं टोक) दिसली असेल, तर तो अग्रिप्पा. इ.स.पू. ३१मध्ये ग्रीसमधल्या अ‍ॅक्टियमला ऑगस्टसचा प्रतिस्पर्धी अँटनी आणि इजिप्तची राणी क्लिओपात्रा यांचं आरमार त्यानेच मोडलं. (तो इ.स.पू. १२मध्ये वारला, तरी नाण्यावरून हलला नाही. डोक्यांच्या दोन बाजूंना ‘पी’, ‘पी’ अक्षरं असलेली नाणी इ.स.पू. २नंतरची, ऑगस्टसला ‘राष्ट्रपिता’ (लॅटिनमध्ये ‘पातेर पात्रिए’) पदवी तेव्हा मिळाली.)

मगर आली तीही त्याच लढाईमागून. पुढच्याच वर्षी इजिप्त रोमच्या ताब्यात गेलं. मगर म्हणजे नाईल, नाईल म्हणजे इजिप्त. इ.स.पू. २८च्या देनारियस या चांदीच्या रोमन नाण्यावर नुसती मगर आणि ‘इजिप्त जिंकला’ एवढे शब्द आहेत. नीमच्या नाण्यावर मात्र तिला साखळीने खजुरीला जखडलंय. खजुरी ही विजयाची खूण, वर पानांचा हारही लटकतोय. बाजूला ‘कोल नेम’, म्हणजे नेमाउसस (नीमचं रोमन नाव) वसाहत.

इजिप्तच्या मोहिमेतले सैनिक निवृत्तीनंतर नीमला वसले, म्हणून मगर, असंही सांगतात. गोष्ट छान आहे. पण पुरावा मागितला की पुन्हा याच नाण्याकडे बोट दाखवतात, तेव्हा मी विषय बदलतो.

फ्रान्सचा राजा पहिला फ्रान्स्वा याने १५३५मध्ये हेच चित्र नीमला नगरचिन्ह म्हणून दिलं. आज तिथल्या रस्त्यांत बसवलेल्या धातूच्या चकत्यांवरही ती मगर आहे, खजुरीसकट. अख्खी.