जुन्या लॅपटॉपवर नेक्स्टक्लाउड: सर्टिफिकेट का मिळत नाही आणि डेटाबेसचा पोर्ट उघडावा का?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: घरच्या लॅपटॉपवर उबुंटू लिनक्स टाकून डॉकर कंपोजने (एका फाइलवरून अनेक प्रोग्राम वेगवेगळ्या डब्यांत, म्हणजे कंटेनरमध्ये, चालवणारं साधन) नेक्स्टक्लाउड (स्वतःची फाइल-फोटो साठवण), पोस्टग्रेस (डेटाबेस) आणि कॅडी (सर्टिफिकेट मागणारा वेब सर्व्हर) असे तीन कंटेनर चालू केलेत. राउटरवर ८० आणि ४४३ हे वेबचे पोर्ट लॅपटॉपकडे फॉरवर्ड केलेत, तरी लेट्स एन्क्रिप्टचं (फुकट सर्टिफिकेट देणारी संस्था) सर्टिफिकेट येत नाही. शिवाय पीजीॲडमिनमधून (डेटाबेस बघायचं साधन) बघता यावं म्हणून डेटाबेसचा ५४३२ हा पोर्ट उघडा ठेवला तर चालेल का?

पोर्टचं आधी सांगतो. उघडू नका. कंपोज फाइलमध्ये "५४३२:५४३२" लिहिलं की डॉकर आयपीटेबल्समध्ये (लिनक्सच्या नेटवर्क-नियमांत) स्वतःचे नियम घालतो आणि ती वाहतूक यूएफडब्ल्यूच्या, म्हणजे उबुंटूच्या फायरवॉलच्या, नियमांपर्यंत पोचतच नाही. यूएफडब्ल्यू "डिनाय" दाखवत राहतं, डेटाबेस मात्र खुला. आज तुम्ही राउटरच्या आड आहात म्हणून निभावतंय. हीच फाइल उद्या भाड्याच्या सर्व्हरवर नेलीत तर थेट इंटरनेटवर. नेक्स्टक्लाउडला तो पोर्ट लागतही नाही. दोघं एकाच डॉकर नेटवर्कवर असले की फाइलमधलं सर्व्हिसचं नावच होस्ट म्हणून चालतं. पीजीॲडमिन हवंच असेल तर "१२७.०.०.१:५४३२:५४३२" असं बांधा, म्हणजे पोर्ट फक्त त्याच लॅपटॉपला दिसेल, आणि एसएसएच टनेलमधून (लॅपटॉपपर्यंतच्या कूटबद्ध जोडणीतून) जोडा.

आता सर्टिफिकेट. राउटरच्या पानावर वॅन आयपी (इंटरनेट कंपनीने राउटरला दिलेला पत्ता) बघा. तो १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशाने सुरू होत असेल, तर तुम्ही सीजीनॅटच्या मागे आहात: एकच सार्वजनिक आयपी कंपनीने बऱ्याच ग्राहकांत वाटलेला. मग तुमचं पोर्ट फॉरवर्डिंग कितीही बरोबर असलं तरी लेट्स एन्क्रिप्टची (डोमेन तुमचंच आहे ना, ही) तपासणी घरापर्यंत पोचणारच नाही. आपल्याकडच्या घरगुती ब्रॉडबँडवर हे सर्रास आढळतं, त्यामुळे माझा पहिला संशय इथेच. जादा पैसे भरून स्टॅटिक आयपी घेणं हा एक मार्ग. दुसरा म्हणजे डीएनएस-०१ पद्धत: डोमेनच्या नोंदीत एक टीएक्सटी रेकॉर्ड घालून मालकी सिद्ध करायची, पोर्ट एकही उघडायचा नाही. त्यासाठी तुमच्या डीएनएस कंपनीचं प्लगइन घातलेला कॅडी लागतो. अधिकृत इमेजमध्ये (कंटेनरच्या तयार साच्यात) ते नसतं, एक्सकॅडी या साधनाने बांधून घ्यावं लागतं. कटकट आहे, पण एकदाचीच.

तोवर चाचणी लेट्स एन्क्रिप्टच्या स्टेजिंग (सरावाच्या) सर्व्हरवर करा. खऱ्या सर्व्हरवर एका नावासाठी तासाला ५ फसलेले प्रयत्न झाले की थांबावं लागतं. आणि कॅडीच्या "/डेटा" फोल्डरला व्हॉल्यूम (कंटेनर गेला तरी टिकणारी साठवण) द्याच. नाहीतर कंटेनर नव्याने बनवला की तो पुन्हा सर्टिफिकेट मागतो, आणि तंतोतंत त्याच नावांची सर्टिफिकेटं ७ दिवसांत ५च मिळतात.

तुम्ही न विचारलेलं एक. वापरणारी माणसं घरचीच असतील तर हे जगासमोर ठेवायचंच कशाला? सर्टिफिकेट निघालं की त्यातलं सबडोमेन सार्वजनिक नोंदवहीत जातं आणि त्यावर डोळा ठेवून बसलेले बॉट लगेच दार वाजवायला लागतात. मी तुमच्या जागी असतो तर टेलस्केल (फक्त आपल्याच उपकरणांमधलं खासगी नेटवर्क) लावलं असतं. ते सीजीनॅटमागूनही चालतं, आणि डीएनएस-०१चं सर्टिफिकेट असल्यामुळे ब्राउझरही कुरकुर करत नाही. फोनवर ॲप चालू ठेवा म्हणून घरच्यांना बजावावं लागेल, तेवढं आहेच.

पोस्टग्रेसच्या इमेजला "लेटेस्ट" लिहू नका, "१६" असा आकडा लिहा. मुख्य आवृत्ती बदलली की जुनं डेटा फोल्डर नवा सर्व्हर उघडत नाही. डम्प (डेटाबेसची फाइलमधली प्रत) काढून परत भरावं लागतं किंवा पीजी_अपग्रेड हे साधन चालवावं लागतं. नेक्स्टक्लाउडही एका वेळी एकच मुख्य आवृत्ती चढतं, मधली गाळता येत नाही. डॉकर कंपोजच्या "डाउन" या बंद करायच्या आज्ञेपुढे "-व्ही" लावलं तर फाइलमध्ये जाहीर केलेली व्हॉल्यूम्सही जातात, म्हणजे डेटाबेस गेला.

बॅकअप घेताना आधी नेक्स्टक्लाउडचा मेंटेनन्स मोड लावा, मग पीजी_डम्पने डेटाबेसचा डम्प, आणि त्याबरोबर डेटा व कॉन्फिग फोल्डरची प्रत. नुसत्या डम्पमध्ये तुमचे फोटो नसतात. सगळं लॅपटॉपबाहेरच्या डिस्कवर ठेवा आणि एकदा दुसरीकडे परत उभं करून बघा.

वॅन आयपीचे पहिले दोन आकडे आणि कॅडीच्या लॉगमधली चुकीची ओळ इथे टाका. आयपी १००.६४ वगैरे नसेल तर मग ८० पोर्ट कंपनीनेच अडवलाय का, ते तपासू.