निर्जलीकरण की निर्जलीभवन?

‘उच्च दाबाखाली तापवल्यावर चिकणमातीच्या खनिजांतले पाणी पिळून निघते व त्यांचे निर्जलीकरण होते’ या वाक्यात ‘निर्जलीभवन’ हवे का, असा प्रश्न आहे.

‘करण’ म्हटले की करणारा आला, ‘भवन’ आपसूक होते. कारखान्यात कांद्याचे निर्जलीकरण होते, तळे बाष्पीभवनाने आटते. जमिनीच्या पोटात कर्ता कोणी नाही, म्हणून ‘निर्जलीभवन’ अधिक काटेकोर. पण ‘निर्जलीकरण’ इतके रुळले आहे की मी त्यावरून वाद घालणार नाही.

खरी गोची ‘जल’ची आहे. काळ्या मातीतल्या मॉन्टमोरिलोनाइट या खनिजाच्या थरांमध्ये पाण्याचे रेणू शिरून बसलेले असतात. ते उघड्यावर शंभर-दोनशे अंश सेल्सिअसपर्यंत निघून जातात, आणि दमट हवेत परतही येतात. चिनीमातीतल्या केओलिनाइट या खनिजाचे तसे नाही. त्यात पाणी म्हणून काही नसतेच; असतात ते स्फटिकाच्या रचनेत विणलेले हायड्रॉक्सिल गट, म्हणजे ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोड्या. साधारण ५०० ते ६०० अंशांना दोन गट मिळून पाण्याचा एक रेणू होतो आणि एक ऑक्सिजन मागे उरतो. शुद्ध केओलिनाइटचे वजन यात सुमारे १४ टक्क्यांनी घटते आणि स्फटिकाची घडीच मोडते. कुंभाराकडे या दोन्हींसाठी वेगळी क्रियापदे आहेतच: मडके आधी वाळते, मग आव्यात भाजते. वाळलेले कच्चे मडके पाण्यात टाकले तर पुन्हा चिखल होतो, भाजलेल्याचा होत नाही. तेव्हा पहिल्याला निर्जलीभवन म्हणा, दुसऱ्याला सरळ ‘हायड्रॉक्सिल गट सुटणे’.

‘पिळून’ मात्र काढाच. गाळाच्या कणांमधले मोकळे पाणी वरच्या थरांच्या भाराने पिळून निघते, तिथे हा शब्द चपखल आहे. खनिजाच्या आतल्या पाण्याला तो लागू नाही. भोवती पाण्याचा दाब असेल तर मॉन्टमोरिलोनाइटच्या थरांतले पाणी सुटायला उलट जास्त तापमान लागते. कुकरमध्ये पाणी १२० अंशांच्या आसपास उकळते, तसेच. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात तर सुमारे २.७ गिगापास्कल दाब आणि २०० अंश तापमानाला केओलिनाइटच्या थरांमध्ये पाणी उलट आत शिरले आणि त्याचे आकारमान तीस टक्क्यांहून अधिक वाढले! एवढा दाब जमिनीखाली साधारण ७५ किलोमीटरवर असतो.

मूळ वाक्य मॉन्टमोरिलोनाइटबद्दल असेल, तर मी असे लिहीन: ‘पाण्याचा दाब जास्त असताना थरांतले पाणी अधिक तापमानाला सुटते.’