वातावरणाच्या अभ्यासासाठी देशोदेशीच्या सामायिक सुविधा कशाला लागतात? पुण्यात बसून त्यांचा उपयोग होतो का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आयआयटीएम (पुण्यातली उष्णदेशीय हवामानशास्त्राची संशोधन संस्था), हवामान खातं, इस्रो अशा संस्था आणि त्यांची यंत्रं आपल्याकडे असताना युरोप-अमेरिकेतल्या सामायिक सुविधांच्या दारात का जायचं, आणि पुण्यात एम.एस्सी. करणाऱ्याला त्यातून काय मिळणार? दुसऱ्या भागाचं उत्तर आधी देऊन टाकतो: मिळतं, आणि त्यातलं बरंचसं घरबसल्या, फुकट. पहिल्या भागाला जरा वेळ लागेल.

एकट्याला न परवडणारं यंत्र मिळून उभारायचं, हे कारण सगळेच सांगतात. ते खरं आहे, पण माझ्या मते दुय्यम. खरी अडचण मापाची आहे. मंडईत प्रत्येक गाळ्यावर तराजू असतो. वजनमापे खात्याचा शिक्का नसेल तर दोन गाळ्यांवरचा किलो सारखाच हे कशावरून? तीच हवा ओमानमध्ये एका यंत्राने मोजली, पुण्यात दुसऱ्याने, आणि दोन्ही यंत्रं आपापल्या मनाने चालली, तर आकड्यांतला फरक हवेतला की यंत्रातला हे कुणालाच सांगता येणार नाही.

मी धूलिकणांच्या नोंदींवर काम करतो, म्हणून उदाहरण तिथलंच देतो. पुण्यात पाषाणला आयआयटीएममध्ये एक सन फोटोमीटर आहे. लहानसं, सूर्याचा माग काढत फिरणारं, फ्रेंच बनावटीचं. वेगवेगळ्या तरंगलांबींचा सूर्यप्रकाश खाली येईपर्यंत किती कमी झाला ते हे यंत्र मोजतं, आणि त्यावरून डोक्यावरच्या सगळ्या हवेत मिळून धूळ-धूर किती ते काढता येतं. नासाच्या एरोनेट या जाळ्यात अशी जगभर शेकडो ठिकाणं आहेत. आपल्याकडचं कानपूरचं ठिकाण २००१ पासून त्यात आहे.

आता यातली मेख बघा. प्रकाश किती कमी झाला हे सांगायचं तर मुळात किती होता ते माहीत हवं. म्हणजे वातावरणाच्या बाहेर ठेवलं तर हेच यंत्र काय आकडा दाखवेल? तिथे तर नेता येत नाही. मग उंच डोंगरावर, स्वच्छ आणि स्थिर हवेत, सकाळभर रीडिंग घेत राहायचं. सूर्य खाली असतो तेव्हा प्रकाश जास्त हवेतून येतो, वर चढला की कमी हवेतून. या रीडिंगचा लॉगरिदम घेऊन आलेख काढला की सरळ रेघ पडते. ती मागे वाढवत ‘हवा शून्य’पर्यंत नेली की तो आकडा हाती येतो. पुण्यात हे जमत नाही, कारण सकाळी आठ ते अकरा या वेळात इथली हवाच बदलून जाते. म्हणून एरोनेटची मुख्य यंत्रं हवाई बेटांवरच्या मौना लोआ या ज्वालामुखीवरच्या वेधशाळेत, सुमारे ३,४०० मीटर उंचीवर, अशी तपासत आले आहेत; युरोपातल्या यंत्रांसाठी तेनेरिफ बेटावरची इझान्या वेधशाळा आहे. बाकीची यंत्रं या मुख्य यंत्रांशेजारी ठेवून जुळवतात. फिल्टर जुने होत जातात, त्यामुळे हे साधारण दरवर्षी करावं लागतं. एवढा खटाटोप केल्यावर फील्डवरच्या यंत्राची चूक धूळ-धुराच्या मापात (ऑप्टिकल डेप्थ, एकक नसलेला आकडा) ०.०१ ते ०.०२ इतकी राहते. पाषाणच्या आकड्याची पत पॅसिफिकमधल्या एका ज्वालामुखीवर ठरते, असं म्हणा ना.

कार्बन डायऑक्साइडची गोष्टही अशीच. आपण सिंहगडावर पिठलं-भाकरी खायला जातो. आयआयटीएमचे लोक २००९ पासून तिथली हवा फ्लास्कमध्ये भरून आणू लागले. पावसाळ्यात गडावर समुद्रावरून आलेली हवा असते, हिवाळ्यात जमिनीवरून आलेली, म्हणून जागा मोलाची. गोव्यातल्या काब द रामच्या किनाऱ्यावरचे नमुने १९९३ पासून ऑस्ट्रेलियाच्या सीएसआयआरओ या संस्थेबरोबर घेतले जात होते. या दोन ठिकाणांची तुलना करायची तर दोघांची मोजपट्टी एक पाहिजे. ती मोजपट्टी अमेरिकेत बोल्डरला, नोआ या सरकारी हवामान-समुद्र संस्थेच्या प्रयोगशाळेत, गॅसच्या सिलिंडरांच्या रूपात सांभाळली जाते. जागतिक हवामान संघटनेची अपेक्षा अशी की उत्तर गोलार्धातल्या प्रयोगशाळांचे आकडे एकमेकांशी दशलक्षात ०.१ भागापर्यंत जुळावेत. मूळ प्रमाण दशलक्षात ४२० भागांच्या वर आहे, यावरून काम किती चिकट असेल ते बघा. याची बातमी कधी येत नाही.

महाग यंत्रांचा मुद्दाही सांगून टाकतो. जर्मनीत यूलिशला टेफ्लॉनचा २७० घनमीटरचा कक्ष आहे. त्यात हवा भरून, झाकणं उघडून, खऱ्या उन्हात रासायनिक क्रिया बघतात. जिनिव्हाजवळ सर्नमध्ये ‘क्लाउड’ नावाचा २६ घनमीटरचा स्टीलचा कक्ष आहे. गंधकाम्ल नसतानाही केवळ झाडांच्या वाफांपासून हवेत नवे कण तयार होऊ शकतात, हे तिथे २०१६ मध्ये दाखवलं गेलं. असली सोय प्रत्येक विद्यापीठात असावी असं म्हणणं म्हणजे पैशांची नासाडी. स्वित्झर्लंडच्या युंगफ्राउयोखला तर पुण्याच्या टूर कंपन्यांबरोबर गेलेले पुष्कळ जण तुम्हाला भेटतील. ज्या स्फिंक्स गच्चीवर ते फोटो काढतात, त्याच इमारतीत १९३१ साली सुरू झालेल्या आंतरराष्ट्रीय संशोधन केंद्राची यंत्रं हवा मोजत असतात.

सुविधा कधी कधी आपल्या दारातही येते. अमेरिकेच्या एआरएम या वातावरण-निरीक्षण सुविधेचं फिरतं केंद्र २०११-१२ मध्ये नैनीतालला होतं. ब्रिटनचं संशोधन विमान २०१६ च्या पावसाळ्यात लखनौ आणि बेंगळुरूहून उडालं. नैनीतालचा डेटा नाव नोंदवून आजही कुणालाही उतरवून घेता येतो, आणि मला यातलं हेच सगळ्यात मोलाचं वाटतं. आयआयटीएमची महाबळेश्वरची ढगांची प्रयोगशाळा २०१२ पासून आहे. भोपाळजवळ सिलखेड्यालाही मोठं निरीक्षण केंद्र उभं राहिलं आहे. महाबळेश्वरात पावसाळ्यात ढग थेट अंगावर येतात. अशी जागा युरोपवाले शोधून शोधून घेतात. तिथला डेटा परभणीच्या विद्यार्थ्यालाही तितक्याच सहज मिळायला हवा, असा माझा आग्रह आहे. नुसती खरेदी करून काही होत नाही. एका महाविद्यालयात मी चांगलं यंत्र कापडाखाली झाकलेलं पाहिलं. देखभालीला पुढे पैसेच नव्हते.

आता तुमच्यापुरतं. एरोनेटच्या साइटवरून पुणे आणि कानपूर या दोन्ही ठिकाणांचा लेव्हल २.० चा डेटा घ्या. लेव्हल १.५ मध्ये ढगांच्या नोंदी गाळलेल्या असतात, पण यंत्र फील्डवरून परत येऊन पुन्हा तपासल्यानंतरचा शेवटचा शिक्का २.० वरच असतो. जून ते सप्टेंबर पुण्याच्या नोंदी विरळ दिसतील. सूर्यच दिसला नाही तर यंत्र काय करणार. त्या काळाची सरासरी काढून निष्कर्ष ठोकू नका, कारण ती फक्त उघडीप असलेल्या दिवसांची सरासरी असते. मार्च ते मे घ्या आणि दोन शहरांतला धुळीचा फरक बघा. प्रबंधाला तेवढं भरपूर आहे.

प्रत्यक्ष जायचंच असेल तर युरोपातलं अ‍ॅक्ट्रिस बघा, म्हणजे तिथल्या वातावरण-संशोधनाच्या सामायिक केंद्रांचं जाळं. २०२३ मध्ये त्याला स्वतंत्र कायदेशीर दर्जा मिळाला, मुख्यालय फिनलंडमध्ये आहे. प्रपोजल मागवतात, तज्ज्ञ ते तपासतात आणि मग वेळ देतात. युरोपीय निधीच्या योजनांत युरोपबाहेरच्या गटांचा वाटा मर्यादित असतो, म्हणून तिथल्या एखाद्या गटाबरोबर मिळून अर्ज करणं बरं. एकट्याने करण्यापेक्षा तुमच्या गाईडच्या नावाने करा. अर्ज पानभराचा पुरतो: प्रश्न काय, तो त्याच यंत्रावर का सोडवायचा, किती दिवस लागतील, आणि नंतर डेटा कुठे खुला ठेवणार.