डीएनएसच्या क्वेरी (वेबसाइटच्या नावाचा आयपी पत्ता विचारणारे प्रश्न) बघायच्यात? आधी एवढंच कर

अरे, वायरशार्क (नेटवर्क ट्रॅफिक बघायचं खिडक्या-बटणांचं टूल) सध्या राहू दे. टर्मिनलमध्ये सुडो (अ‍ॅडमिनचे अधिकार) लावून टीसीपीडंप (तेच काम करणारी कमांड) चालव, इंटरफेस एनी (-i any), फिल्टर पोर्ट ५३ (port 53, म्हणजे डीएनएसचा पोर्ट), बास. फक्त मायनस एन (-n) विसरू नकोस, नवीन लोक हमखास इथेच फसतात, ते नसलं की टीसीपीडंप स्वतःच आयपींची नावं शोधायला जातं आणि स्क्रीनवर त्याच्याच क्वेरी दिसायला लागतात. मग दुसऱ्या टॅबमध्ये डिग (डीएनएसला एखादं नाव विचारणारी कमांड) मारून बघ, 'ए?' दिसलं की तो प्रश्न, उत्तरात एनएक्सडोमेन म्हणजे असं नावच नाही.

अजून दोन गोष्टी:
- घरातल्या बाकीच्यांच्या क्वेरी तुझ्या लॅपटॉपवर येणार नाहीत, त्यासाठी राउटरवर चालवावं लागतं.
- ब्राउझर चालू असून काहीच दिसेना तर त्यातलं सिक्युअर डीएनएस बघ, ते ५३ ऐवजी पोर्ट ४४३ वरून जातं.

जमेल तुला, अडलास तर आउटपुट टाक.