नाव एक, बोर्ड दुसराच

प्रश्न : जावयांनी अमेरिकेहून येताना माझ्यासाठी फोन आणला. थोरल्या मुलाने त्याच नावाचा, अगदी त्याच रंगाचा फोन सांगलीत घेतलाय. घरी दोन्ही झकास चालतात. बागेत गेलं की त्याला रेंज भरपूर आणि माझा फोन मान टाकतो. सिमकार्ड दोघांचं एकाच कंपनीचं. दुकानदार म्हणतो, "काका, हे मॉडेल वेगळं आहे, याचा पार्ट इथं मिळायचा नाही." एकाच फोनची अशी दोन-दोन रूपं कंपन्या का काढतात? गिऱ्हाईक बघून माल देतात काय?
– एक द्राक्ष बागायतदार, सावळज (ता. तासगाव)

उत्तर : निम्मं उत्तर तुमच्या पॅकहाउसमध्येच आहे. युरोपला जाणारी द्राक्षं ग्रेपनेटवर (निर्यातीच्या बागांच्या नोंदणीत) नोंद असलेल्या प्लॉटची, रेसिड्यूच्या म्हणजे औषधाच्या उरलेल्या अंशाच्या तपासणीत पास झालेली. बांगलादेशला जाणाऱ्या मालाची भरणी निराळी. वाण तोच, पण गाव तसा नियम. फोनचंही तेच, फक्त फरक पेटीवर न दिसता आतल्या सर्किट बोर्डावर असतो.

मी टेलिफोन खात्यात नोकरी केली, त्यामुळे माझी गाडी आधी टॉवरकडेच वळणार. रेडिओलहरींची वाटणी प्रत्येक देशाने आपापल्या सोयीने केली आहे. कुठे एखादा पट्टा टीव्हीकडे अडकलेला, कुठे सैन्याकडे. आपल्याकडे ४जी मुख्यतः ८५०, ९००, १८०० आणि २३०० मेगाहर्ट्झवर चालतं. अशा प्रत्येक पट्ट्याला बँड म्हणतात आणि नंबर देतात. यातला २३०० वरचा बँड ४० अमेरिकेतल्या मोबाइल कंपन्या वापरत नाहीत. उलट तिकडे ६०० मेगाहर्ट्झवर नेटवर्क जोरात आहे. आपल्याकडे २०२२ च्या लिलावात त्या ६०० ला एकही बोली लागली नाही.

आता बोर्डावर या. फोनला नुसता "सगळं ऐक" असं सांगून भागत नाही. जवळपास प्रत्येक बँडसाठी मिलिमीटर-दोन मिलिमीटरचा वेगळा फिल्टर बसवावा लागतो, त्याच्या जोडीला अँप्लिफायर आणि अँटेनाची जुळणी. जगभरचे बँड एकाच फोनात कोंबायचे तर जागा आणि पैसा दोन्ही जातं, आणि त्या सगळ्यांच्या चाचण्या देशोदेशी करत बसावं लागतं. महागड्या फोनात कंपन्या बरेच बँड घालतात. मधल्या किमतीच्या फोनात जिथला माल तिथलेच बँड. फिल्टर बसवलेलाच नसेल तर सॉफ्टवेअर अपडेट करून तो उगवत नाही.

सांगलीत विश्रामबागला आमच्या गच्चीवर मी असे दोन जुळे फोन शेजारी ठेवून बघितले. टॉवर कोणत्या बँडवर धरलाय हे दाखवणारी फुकट ॲप्स मिळतात. भारतातला फोन बँड ४० धरून निवांत बसला होता. अमेरिकेतला बँड ३ (१८००) वरून ५ (८५०) वर, ५ वरून ३ वर उड्या मारत होता. शहरात चार टॉवर हाकेच्या अंतरावर असतात, म्हणून ते खपून जातं. तुमच्या बागेत एकच टॉवर, तोही लांब. त्याचा जो बँड तिथवर पोचतो तोच तुमच्या फोनात नसला की खेळ खलास. दोघांचे फोन घेऊन बागेत उभे राहा आणि असं ॲप लावून बघा, पाच मिनिटांत उलगडा होईल.

कॉलचा घोळ वेगळा. जिओकडे २जी-३जी नाहीच, त्यामुळे बोलणंसुद्धा ४जी-५जी वरूनच होतं. त्यासाठी फोनच्या सॉफ्टवेअरमध्ये त्या-त्या नेटवर्कची व्होल्टीची (४जीवरून कॉल करायची) सोय असावी लागते. ती नसली की नेट पळतं आणि कॉल लागत नाही.

"गिऱ्हाईक बघून माल" हा तुमचा संशय मात्र मी पूर्ण झटकून टाकणार नाही. सॅमसंगचा एस२४ घ्या. २०२४ मध्ये अमेरिकेत तो दुसऱ्या कंपनीच्या स्नॅपड्रॅगन चिपवर आला, भारतात त्याच नावाने कंपनीच्या स्वतःच्या एक्झिनोस चिपवर. आदल्या वर्षीच्या एस२३ ला जगभर स्नॅपड्रॅगनच होती, म्हणजे एकच चिप देणं अशक्य नव्हतं. स्वतःची चिप खपवली की खर्च हातात राहतो आणि दुसऱ्या चिपवाल्याशी भाव करायला जोर येतो. हा शुद्ध धंद्याचा हिशेब आहे, त्यात लहरींचा संबंध नाही. अशा वेळी खोक्यावर नावाशेजारी ठळक अक्षरात चिप छापायला हवी, असं माझं मत.

पण दरवेळी आपल्याच ताटात कमी पडतं असंही नाही. नथिंग नावाच्या कंपनीच्या फोन ३ ला भारतात ५,५०० एमएएचची बॅटरी मिळाली, बाहेर ५,१५० ची. बॅटरीचा एक सेल २० वॉट-अवरच्या वर गेला की वाहतुकीत धोकादायक मालाचे कडक नियम लागतात, आणि ५,१५० चा आकडा त्या रेषेच्या जरा आतच बसतो.

बाकी फरक किरकोळ, पण गमतीचे. अमेरिकेतल्या आयफोनला १४ पासून सिमचा ट्रेच नाही, सगळं ई-सिम, म्हणजे कार्डाशिवाय फोनातच चालू होणारं सिम. चीनमध्ये त्याच फोनात दोन खरी सिमकार्डं बसतात. अमेरिकेतल्या आयफोन १२ च्या उजव्या कडेला पॉवर बटणाखाली लांबट खिडकी दिसेल, ती तिकडच्या अतिवेगवान ५जीच्या अँटेनाची. आपल्या फोनवर तिथं नुसती सपाट कड.

पार्टचं म्हणाल तर दुकानदाराचं ऐका. सेटिंगमध्ये 'अबाउट फोन'खाली पूर्ण मॉडेल नंबर असतो. शेवटचं अक्षर बदललं तरी बोर्ड बदललेला असू शकतो, म्हणून डिस्प्ले मागवतानाही तोच नंबर द्या. आणि बागेत थोरल्याचाच फोन न्या. जावयांना यातलं काही कळवू नका.

प्रश्न : ओळखीचा एकजण परदेशातून आणलेला नवा आयफोन स्वस्तात देतोय. घेऊ का?
– एक विद्यार्थिनी, विटा

उत्तर : आधी मॉडेल नंबरची शेपटी वाच. एचएन म्हणजे भारत, एलएल म्हणजे अमेरिका, जे म्हणजे जपान. अमेरिकेतला असेल तर तो तिकडच्या नेटवर्क कंपनीला लॉक तर नाही ना, हे आपलं ई-सिम प्रत्यक्ष चालू करून बघ. जपानमधल्या फोनात कॅमेऱ्याच्या खटक्याचा आवाज तिथल्या रिवाजाने तिकडे बंद करता येत नाही. इथं तो बंद होतो का, ते घेण्याआधीच बघ. *#०६# दाबून आयएमईआय (फोनचा ओळख नंबर) घे आणि संचार साथी या सरकारी साइटवर तपास. बिल माग. ते मिळत नसेल तर स्वस्ताईचा विचार सोड.