प्रभात बंद का पडली?

प्रश्न: 'संत तुकाराम' सिनेमा काढणारी प्रभात फिल्म कंपनी एवढी जोरात होती, मग बुडाली कशी? दिग्दर्शक शांताराम सोडून गेले म्हणूनच ना?

उत्तर: तेवढंच कारण नाही हो, पण मोठा धक्का तोच. १९२९ला कोल्हापुरात व्ही. शांताराम, दामले, फत्तेलाल, धायबर आणि सीतारामपंत कुलकर्णी अशा पाच भागीदारांनी सुरू केलेली ही कंपनी, १९३३ला पुण्यात आली, आणि दिग्दर्शकापासून नटांपर्यंत सगळे महिन्याच्या पगारावर. सिनेमे चालतायत तोवर हे मस्त चालतं, आणि 'तुकाराम' तर मुंबईत वर्षभराच्या वर चालला! पण एखादा पडला तरी पगार द्यायचेच ना. १९४२ला शांतारामांनी बाहेर पडून मुंबईत राजकमल ही स्वतःची सिनेमा कंपनी काढली, १९४५ला दामले वारले. त्यात युद्धानंतर बाहेरचे निर्माते रोख पैसे टाकून स्टार पळवायला लागले, पगारी स्टुडिओ कुठे पुरणार त्यांना? मला विचाराल तर शांताराम राहिले असते तरी चार-पाच वर्षंच जास्त निघाली असती. १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला कंपनी बंदच पडली. जागा मात्र वाया नाही गेली, १९६०पासून तिथेच फिल्म इन्स्टिट्यूट आहे, आणि पुण्यातला प्रभात रोड तर रोजच्या पत्त्यात आहेच.